पायाखालचें तेल : हायड्रॉलिक क्लचची रचना व निगा

ज्याच्या दावणीला बैल आहेत त्यास जुंपणें व सोडणें म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. गाडी थांबवावयाची असली म्हणजे बैल थांबतो; मुक्काम आला म्हणजे जोतीं सोडून आपण त्यास मोकळा करतों. परंतु इंजिन हा असा बैल आहे कीं, तो चालता असेपर्यंत फिरतच राहणार. त्यास बळें उभा केला तर तो बंदच पडणार. म्हणून फिरत्या इंजिनास गाडी जुंपण्याची, आणि तें फिरत असतांनाच गाडी त्यापासून सोडविण्याची कांहीं युक्ति असावी लागते. ही युक्ति म्हणजेच क्लच होय. गिअर बदलतांना चालक डावा पाय दाबतो तेव्हां तो जूं सोडतो, आणि पाय हळूहळू वर घेतो तेव्हां पुन्हां जुंपतो. दिवसाकाठीं शेंकडों वेळां ही जुंपणी-सोडणी होते; पण ती कशी होते याचा विचार पेडल खालीं जाऊन परत न आल्यावांचून सहसा कोणी करीत नाहीं.

आमच्या बीड जिल्ह्यास या विषयाचें अगत्य इतरांहून अधिक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या रांगेंतील गांवोगांवचे ऊंसतोड मजूर बायकामुलें, चूलभांडीं व कोयते घेऊन सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर व कर्नाटक या बाजूंस निघतात, ते ट्रॅक्टर व मालमोटारींतूनच. मालाच्या ट्रॉलींत माणसें बसवूं नयेत हें खरें; परंतु घडतें तें वाचक पाहतातच. पुढें चार-पांच महिने तोडलेला ऊंस कारखान्यास पोंचवितात त्याही याच गाड्या. ऊंस तोडल्यापासून चोवीस तासांच्या आंत चरकांत गेला तर बरा. वाटेंत पडून राहिला तर त्याचें वजन घटतें व साखरेचा उतारा कमी होतो. अशा वेळीं धारूरच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटांत भरली गाडी क्लचपायीं उभी राहिली तर तो तोटा एकट्या गाडीवाल्याचा नसून शेतकरी, टोळी व मुकादम या सर्वांचा असतो. आणि गाडी मागें घसरली तर प्रश्न पैशांपुरता राहत नाहीं.

हायड्रॉलिक हा शब्द व त्याचा घोटाळा

शेतकऱ्याच्या तोंडीं हायड्रॉलिक हा शब्द आला कीं त्यास ट्रॅक्टरचा नांगर उचलणारी लिफ्ट आठवते, अथवा मागें कलंडणारी ट्रॉली. हायड्रॉलिक क्लच ही त्याहून निराळी वस्तु आहे. फक्त तत्त्व एक. आपल्याकडील बऱ्याचशा ट्रॅक्टरांत पेडलापासून क्लचपर्यंत लोखंडी दांडे व तरफा असतात, लहान मोटारींपैकीं कित्येकींत तारेची केबल असते, आणि मालमोटारी, टेंपो, पुष्कळशा जीपगाड्या व कांहीं नवे ट्रॅक्टर यांत दांड्याच्या व तारेच्या जागीं तेलानें भरलेली नळी असते. या तिसऱ्या प्रकारास हायड्रॉलिक क्लच म्हणतात.

आपल्या गाडींत कोणता प्रकार आहे हें पाहण्यास मिस्त्रीकडे जावयास नको. बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाच्या डबीजवळ दुसरी लहान डबी दिसते काय तें पाहावें. कांहीं गाड्यांत ब्रेक व क्लच यांची डबी एकच असते. तेव्हां तीपासून एक बारीक नळी क्लचच्या पेडलाकडे गेलेली दिसते.

आंत काय आहे

इंजिनाच्या मागील टोकास फ्लायव्हील नांवाचें जड चाक फिरत असतें. त्यास लागून क्लचप्लेट असते. हिच्या दोन्ही अंगांस घर्षणाचें अस्तर चढविलेलें असून हिचा संबंध गिअरबॉक्सच्या दांड्याशीं असतो. तिच्यामागें प्रेशर प्लेट असते. ती स्प्रिंगच्या जोरानें क्लचप्लेटीस फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. दाबलेली असतां दोन्ही एकजीव फिरतात आणि गाडी ओढली जाते. तेव्हां पाय न लावतां क्लच जुंपलेलाच असतो. पाय लावणें म्हणजे स्प्रिंगचा जोर मागें सारून प्लेट मोकळी करणें. हें काम एक दुबेळें व त्याच्या टोकाशीं असलेलें बेअरिंग करतें.

आतां प्रश्न हा कीं, चालकाच्या पायाचा जोर या दुबेळ्यापर्यंत कसा न्यावयाचा. पेडलाशीं एक लहान पंप असतो; त्यास मास्टर सिलिंडर म्हणतात. गिअरबॉक्सच्या अंगास दुसरा असतो. तो स्लेव्ह सिलिंडर. दोहोंत दट्टे असून दट्ट्यांस रबरी वॉशर असतात, आणि मध्यें तेलानें गच्च भरलेली नळी. वरचा दट्ट्या पुढें सरला कीं तेल खालच्या दट्ट्यास पुढें ढकलतें, तो दुबेळ्यास ढकलतो, आणि जूं सुटतें.

कोंडलेल्या द्रवावर एका जागीं दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोंचतो, हें तत्त्व फ्रान्सांतील विद्वान् ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यानें मांडलें. याच तत्त्वावर इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं दाबयंत्राचें पेटंट घेतलें. कापसाच्या गांठी बांधणारा हायड्रॉलिक प्रेस ज्यांनीं पाहिला असेल त्यांनीं या तत्त्वाचा थोरला अवतार पाहिला आहे. पायाखालचा हा धाकटा.

जोराचा जमाखर्च

आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. म्हणून कोणत्याही यंत्राचा ताळा जुळल्यावांचून आम्हांस तें समजल्यासारखें वाटत नाहीं. वाचकांनींही हा हिशेब एकदां करून पाहावा. आंकडे सोयीचे घेतले आहेत; प्रत्येक गाडीचे निराळे असतात.

चालकानें पेडलावर १२ किलो भार दिला आणि पेडल १५० मिलिमीटर खालीं गेलें असें समजा. पेडल ही पांचपट तरफ आहे. म्हणून वरच्या दट्ट्यावर ६० किलो भार येतो व तो ३० मिलिमीटर सरतो. त्या दट्ट्याचें क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर असेल तर तेलांत दर चौरस सेंटिमीटरास ३० किलो दाब झाला, आणि ६ घन सेंटिमीटर तेल नळींत ढकललें गेलें. खालचा दट्ट्या ३ चौरस सेंटिमीटरांचा असल्यास त्यावर ९० किलो भार येतो व तो २० मिलिमीटर पुढें जातो. पुढील दुबेळें दुपटीचें धरलें तर बेअरिंगावर १८० किलो भार पडतो व तें १० मिलिमीटर सरतें.

म्हणजे १२ किलोंचे १८० किलो झाले. परंतु १५० मिलिमीटरांचे १० मिलिमीटर राहिले. १२ गुणिले १५० केले काय आणि १८० गुणिले १० केले काय, उत्तर १८०० च. घर्षणाची थोडी घट सोडली तर जमा व खर्च बरोबर. जोर वाढला तो सरकण्याच्या अंतराच्या मोबदल्यांत. फुकट कांहींच मिळालें नाहीं.

या हिशेबांतील मुख्य आंकडा ६ घन सेंटिमीटरांचा. एका लहान चमच्यास थोडें अधिक एवढ्या तेलावर सारी जुंपणी-सोडणी चालली आहे. आतां नळींत २ घन सेंटिमीटर हवा शिरली असें समजा. तेल दाबलें तरी आखडत नाहीं. हवा मात्र आखडते. ३० किलोंच्या दाबाखालीं तिचें आकारमान जवळजवळ नाहींसेंच होतें. म्हणजे पाय ६ घन सेंटिमीटरांचा चालला तरी खालीं पोंचले ४ च. बेअरिंग १० मिलिमीटरांऐवजीं साडेसहाच्या आसपास सरलें. क्लच अर्धवट सुटला आणि गिअर खरखर करूं लागला. पेडल मऊ लागतें, दोन-चार वेळां भराभर दाबलें तर थोडें ठीक होतें, या लक्षणाचें कारण हेंच.

तेल कोणतें, आणि आमची चूक

या नळींत बहुतेक गाड्यांस ब्रेकचेंच तेल लागतें. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ असें लिहिलेलें असतें. तें खनिज तेल नव्हे. ग्लायकॉल जातीचा द्रव आहे. गाडीच्या पुस्तकांत किंवा डबीच्या झांकणावर जें लिहिलें असेल तेंच घालावें. थोड्या गाड्यांस व ट्रॅक्टरांस खनिज तेलच सांगितलेलें असतें. तेथें ब्रेकचें तेल घालणें तितकेंच घातक. या बाबतींत अंदाज चालत नाहीं.

हें आम्ही पुस्तकावरून सांगत नसून घरच्या नुकसानीवरून सांगत आहों. २०२१ सालच्या डिसेंबरांत आमच्या पुतण्याच्या मालमोटारींत क्लचची डबी उतरलेली दिसली. दुकान दूर, आणि फडावर ऊंस तोडून पडलेला. कोठींत इंजिनाच्या तेलाचा डबा होता. पुतण्या विचारावयास आला तेव्हां आम्हींच सांगितलें, “तेल तें तेल, आतां घाल, उद्यां पाहूं.” त्या दिवशीं गाडी उत्तम चालली, आणि आमच्या शहाणपणाचें आम्हांसच कौतुक वाटलें. पांचव्या दिवशीं धारूरच्या घाटाच्या पायथ्याशीं भरली गाडी चढेना. इंजिन ओरडे, गाडी जागची हाले ना, आणि जळक्या अस्तराची घाण सुटली.

झालें होतें तें असें. इंजिनाच्या तेलानें रबरी वॉशर फुगले. फुगलेल्या वॉशरानें मास्टर सिलिंडरांतील परतीचें बारीक छिद्र बुजविलें. पाय उचलला तरी तेल डबींत परतेना. नळींत दाब राहिला. बेअरिंग दाबलेलेंच राहिलें आणि प्लेट अर्धवट सुटलेली. अर्ध्या सुटल्या जुंपणीवर भार ओढतां ओढतां अस्तर जळून गेलें. दोन्ही सिलिंडरांचे वॉशर, रबरी नळी व क्लचप्लेट हें सर्व बदलावें लागलें, नळी आंतून धुवावी लागली, आणि हंगामांतले आठ दिवस गेले. गाडींतला ऊंस दुसऱ्या गाडींत भरून जाईपर्यंत दोन दिवस उन्हांत वाळला. टोळींतल्या बायकांनीं तो दुसऱ्यांदां मोळ्या वाहून भरला. त्या श्रमाचें आमच्या वहींत कोठें जमा नाहीं. चूक चालकाची नव्हती, मिस्त्रीचीही नव्हती, आमची होती.

तेव्हां चुकीचें तेल पडल्याचें कळतांच पेडलास पायही न लावतां गाडी जागीं ठेवावी व मिस्त्रीस खरें तें सांगावें. नुसतें उपसून नवें भरल्यानें भागत नाहीं. रबर बदलावें लागतें.

ग्लायकॉलच्या तेलास दुसरा दोष आहे: तें हवेंतील ओल शोषून घेतें. कोरें डॉट ३ तेल किमान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं, डॉट ४ तेल २३० पर्यंत. ओल मुरल्यावर हीच मर्यादा अनुक्रमें १४० व १५५ अंशांपर्यंत उतरते. क्लचची नळी इंजिनाच्या व धुराड्याच्या शेजारून जात असल्यास चढावर तिला चांगलाच ताव बसतो. ओलसर तेलांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफही हवेप्रमाणेंच आखडते. शिवाय ओलीनें सिलिंडर आंतून गंजतात व वॉशर खरवडले जातात. म्हणून तेल साधारणतः दर दोन वर्षांनीं बदलावें, आणि पुस्तकांत कमी मुदत असल्यास ती पाळावी. मागल्या सालचा उघडा राहिलेला डबा वापरूं नये. हें तेल रंगावर सांडल्यास रंग उडतो, डोळ्यांत गेल्यास इजा होते, पोटांत गेल्यास विष होतें. नळी तोंडानें ओढणें तर कदापि नको, आणि डबा पोरांच्या हातीं लागेल असा ठेवूं नये.

क्लच आधीं नोटीस देतो

सरकारी बाकी थकली तर जप्तीपूर्वीं नोटीस निघते. क्लचही तसाच सूचना देतो. ती वाचतां आली पाहिजे. खालील खुणा ध्यानांत ठेवाव्या.

डबींतील पातळी उतरणें. ब्रेकची पातळी अस्तर झिजल्यानेंही उतरते. क्लचचें तसें नाहीं. क्लचप्लेट झिजते तसतसा खालचा दट्ट्या मागें सरतो व तेल उलट डबींत परततें. म्हणून स्वतंत्र डबी उतरली तर ती गळतीच समजावी. नुसती भर घालून विसरूं नये. थेंबें थेंबें तळें सांचतें, तसें तें आटतेंही. पेडलाच्या दांड्याजवळ, नळीच्या सांध्यांशीं आणि खालच्या सिलिंडराच्या रबरी टोपीखालीं बोट फिरवून ओल पाहावी. कांहीं नव्या गाड्यांत खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या पेटाऱ्याच्या आंत असतो. तेथें गळती पेटाऱ्याच्या तळाशीं दिसते.

दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं जाणें. बाहेर थेंब नसेल तर वरच्या सिलिंडराचा वॉशर आंतल्या आंत तेल सोडीत आहे असें बहुधा समजावें.

गिअर पडतांना खरखर. क्लच पुरता सुटत नाहीं. नळींत हवा, गळती किंवा घासलेला वॉशर हीं कारणें आधीं पाहावीं.

इंजिन ओरडणें व गाडी न ओढणें. क्लच पुरता जुंपत नाहीं. अस्तर झिजलें, त्यावर तेल उडालें, किंवा आमच्या गाडीसारखा दाब परत सुटत नाहीं.

पेडल दाबतांच घरघर. बेअरिंग झिजत आलें.

या भेदास पैशांचें मोल आहे. सुटत नसेल तर दोष बहुधा तेलाच्या वाटेंत. जुंपत नसेल तर बहुधा प्लेटींत. गिअर खरखरला एवढ्यावरून गिअरबॉक्स उतरवून नवी प्लेट घालणारे पुष्कळ आहेत. दोष मात्र एका रबरी वॉशराचा असतो. आधीं स्वस्त कारण तपासावें, मग महाग.

हवा काढण्याची रीत

हें काम दोघांनीं घरीं करतां येतें. गाडी सपाटीवर उभी करून हातब्रेक लावावा व चाकांस दगडांची उटी द्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणी शिरूं नये. डबीचें झांकण पुसूनच उघडावें व नवें तेल भरावें. खालच्या सिलिंडराच्या निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचें दुसरें टोक थोडें नवें तेल घातलेल्या बाटलींत बुडवावें. एकानें पेडल सावकाश तीन-चार वेळां दाबून शेवटीं दाबून धरावें. दुसऱ्यानें निपल किंचित् सैल करावें. तेलाबरोबर बुडबुडे येतील. निपल घट्ट केल्यानंतरच वरच्यानें पाय उचलावा. हा क्रम उलटला तर गेलेली हवा परत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत असेंच करावें, आणि मध्यंतरीं डबी रिकामी होऊं देऊं नये. बाहेर आलेलें तेल पुन्हां वापरूं नये, जमिनीवर किंवा ओढ्यांतही ओतूं नये.

मोठ्या मालमोटारींत पायाच्या मदतीस दाबलेल्या हवेचा बूस्टर असतो. तेथें हवेच्या टाकींतील पाणी नियमानें सोडावें, नाहीं तर बूस्टर गंजतो. दांड्याचा क्लच असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांनीं पेडलाची मोकळी चाल पुस्तकाप्रमाणें राखावी; दुहेरी क्लच असल्यास अर्ध्या दाबानें चाकें सुटतात व पुरत्या दाबानें मागचा पी.टी.ओ. दांडा सुटतो, हें मळणीयंत्र लावणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असावें. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. तेव्हां क्लचची धूळ हवेनें फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी.

घाटांतली शिस्त

क्लचचा नाश घडतो तो बहुधा चालकाच्या पायानें. पेडलावर पाय विसावून गाडी हांकणारा आपलें बेअरिंग दिवसभर झिजवीत असतो. चढावर थांबलेली गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरणारा अस्तर जाळीत असतो. तेथें हातब्रेक लावावा व चाकामागें उटी द्यावी, आणि गाडी निघाल्यावर ती उटी रस्त्यांतून काढण्यासही विसरूं नये, कारण मागून येणारा मोटारसायकलवाला तीवर आपटतो. चढ लागण्यापूर्वींच खालचा गिअर घ्यावा. उतारावर क्लच दाबून किंवा गाडी न्यूट्रल करून डिझेल वांचविणें म्हणजे इंजिनाची ओढ सोडून सारा भार ब्रेकवर टाकणें होय. उतरतांनाही गाडी जुंपलेलीच पाहिजे. चढतांना पेडल अचानक निकामी झालें तर गिअर बदलण्याची झटापट न करतां गाडी कडेला ब्रेकवर उभी करून इंजिन बंद करावें, उटी लावावी, आणि आधीं माणसें खालीं उतरवावीं.

हंगाम लागण्यापूर्वीं, पोळा होऊन शेतीच्या कामांत उसंत मिळते तेव्हां, गाडीची डबी, नळी व टोप्या एकदां तपासाव्या. हंगामांत दर आठवड्यास एकदां झांकणाजवळ नजर टाकावी. यास दोन मिनिटेंही लागत नाहींत. आमच्या घरीं पुतण्यानें डबीच्या शेजारीं पांढऱ्या रंगानें तेलाची जात व बदलण्याची तारीख लिहून ठेवली आहे, आणि इंजिनाचें तेल निराळ्या कोठींत गेलें आहे. ही तजवीज आम्हीं २०२१ च्या आधीं केली असती तर त्या टोळीस एकच ऊंस दोनदां भरावा लागला नसता. वाचकांनीं ती आजच करावी, एवढीच विनंति.